पांढरं म्हणजे किती पांढरं?

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तसं माझं वय पाचच वर्षं, पण प्लास्टिकच्या अंगावर इतके ओरखडे आहेत की म्हाताराच शोभतो. प्रयोगशाळेतले माझे भाऊबंद चांगले वजनदार असतात, मी मात्र जेवणाच्या डब्यात मावतो. पोटात एक भिंग आणि एक दिवा, बस्स. डोळाही उसनाच, कारण डोक्यावर मोबाइल बसवल्याशिवाय माझ्यातून फोटो निघत नाही. स्वस्त आहे हो मी, पण टाकाऊ नाही!

अल्लीपूरच्या जयाताई मला पिशवीत घालून वावरोवावरी फिरतात. भाजीच्या पानाचा फोटो काढायचा आणि वर्ध्याच्या योगेंद्र सरांना पाठवायचा, हे त्यांचं काम. सर पिकांच्या रोगांचे जाणकार. पानावरची लव पाहून पोरं "अरे बाप रे!" म्हणाली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

एक खोड मात्र कबूल करतो. मला रंग आपोआप कळत नाहीत. आधी कुणीतरी पांढरी वस्तू माझ्यापुढे धरावी लागते. तिच्यावरून मी बाकीचे रंग लावतो.

जयाताईंनी काय धरावं? कापूस! शेजारच्या वावरातलं बोंड तोडून म्हणाल्या, "याच्याहून पांढरं काय असते?" कापसाच्या मुलखातली बाई, दुसरं काय म्हणणार! पण ते बोंड शेवटच्या वेचणीचं, पिवळसर पडलेलं. मी भोळा, त्यालाच पांढरं मानून बसलो आणि प्रत्येक फोटोतला पिवळेपणा खाऊ लागलो.

धुरपताकाकूंच्या भेंडीत ते अंगाशी आलं. आठ ओळी त्यांनी लेकरासारख्या वाढवल्या होत्या. त्यातल्या पाच झाडांवर त्यांची नजर अडली. "जया, शिरा पिवळ्या पडून राह्यल्या वो. उपटू काय?"

जयाताईंनी माझ्यातून फोटो काढून पाठवला. सरांचा निरोप आला, "शिरा पांढुरक्या दिसतात, तशा असतातच. झाडं राहू द्या."

"मले तं पिवळंच दिसते," काकू पुटपुटल्या. "पन मशीन म्हन्ते तं असंन."

हे वाक्य मला अजून बोचतं.

शिरा पिवळ्या पडणं हा रोगच होता, आणि आठ दिवसांत बारीक पांढऱ्या माश्यांनी तो पुऱ्या दोन ओळींत पसरवला. काकू तणतणत जयाताईंच्या दारी आल्या. "काऊन वो, तुह्या मशीनचे डोये फुटले काय?" तेवढ्यात माझ्या पिशवीतलं बोंड त्यांना दिसलं. "हे कायले ठेवलं?"

"पांढरा रंग दाखवाले, काकू."

"हे पांढरं? जनम गेला माहा कापूस वेचण्यात. पिवळं हाय हे!"

जयाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला. सर म्हणाले, "चूक माझीही आहे. पांढरं काय धरलं ते मी विचारलंच नाही. नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेप आहे का? तिचे आठ-दहा वेढे करून दाखवा."

काकूंच्या वावरात गेलो, तिथे ठिबकच्या सामानात टेप निघाली. या वेळी फोटोत शिरा हळदीसारख्या पिवळ्या उमटल्या. सर म्हणाले, "काकू, तुमचंच खरं होतं. माफ करा. रोगट झाडं आजच उपटून जाळा."

त्या दोन ओळी काकूंनी स्वतःच्या हाताने उपटल्या. मी डब्यात लाजून चूर झालो होतो. बाकीच्या सहा ओळी तेवढ्या वाचल्या.

काकू मला पुन्हा वावरात पाय ठेवू देतील असं वाटलं नव्हतं. पण ठेवू दिला हो त्या माउलीने! आता रीत ठरली आहे. आधी काकू पान हातात घेऊन रंग मोठ्याने सांगतात, जयाताई तो लिहून घेतात, मग माझी पाळी. दोघांचं जुळलं नाही तर मलाच पुन्हा तपासतात, आणि मला त्याचा मुळीच राग येत नाही.

मित्रांनो, मला जपा. भिंग मऊ फडक्याने पुसा, धुळीत टाकू नका. पण माझा फोटो दाखवून कुणाला गप्प मात्र करू नका. त्या दिवशी काकूंचं ऐकलं असतं, तर पाचच झाडं गेली असती.