वरून आलेलं नाव

सरकारी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसची सहा मशीन होती आणि पेशंट साठाच्या वर. म्हणून यादी होती, आणि यादी मोठ्या सिस्टरांच्या ताब्यात होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी भल्याभल्यांना वॉर्डाच्या दारातून परत पाठवलं होतं. "नंबर आला की फोन करीन. तोवर पाणी मोजून प्या," एवढंच उत्तर. लोक पाठीमागे त्यांना 'फाटक' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही.

रुग्णालय चालवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद नगराध्यक्षांकडे गेलं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा पीए वर आला. गोड माणूस. दाराबाहेर चपला काढल्या, सिस्टरांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि एक चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"एकच नाव आहे. वर घ्यायचं."

नाव एका वार्ताहराच्या वडिलांचं होतं. तो वार्ताहर नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर पानभर लेखमाला लिहीत होता. चौदावा नंबर.

"चौदावाच राहील," सिस्टर म्हणाल्या.

"बरं," पीए म्हणाला आणि चपला घालून गेला.

त्या आठवड्यात मशीनचे फिल्टर आलेच नाहीत. तीन मशीन बंद पडली. कॉरिडॉरमध्ये सुजलेल्या चेहऱ्यांची माणसं भिंतीला टेकून बसली. कुणाला धाप, कुणाला उलट्या. चौथ्या दिवशी सिस्टरांनी स्वतःच पीएला फोन लावला. दुपारी फिल्टर आले. संध्याकाळी त्यांनी चौदावं नाव पहिल्यावर लिहिलं. सगळे एकेक पायरी खाली सरकले. पहिल्या नंबरावर एक शिंपीणबाई होती. तिचा नंबर लांबला, आणि तो येण्याआधीच बाई गेली. तिचा नवरा रिपोर्टची फाइल परत द्यायला आला. "आता काय उपयोग," एवढंच म्हणाला.

पुलाबद्दलचं लिखाण तिसऱ्या भागावर थांबलं. सिस्टरांच्या लक्षात आलं, पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मग चिठ्ठ्या येत राहिल्या. कुणा वकिलाची सासू, कुणा ऑडिटरचा भाऊ. चिठ्ठीतलं माणूस खरंच आजारी असायचं, हीच गोष्ट वाईट होती. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

सिस्टरांचा धाकटा भाऊ पुलांचा इंजिनिअर होता. आई गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं होतं. हट्टी, भांडकुदळ, आणि कामात सरळ. नव्या पुलाच्या दुसऱ्या खांबाला त्याला बोट जाईल एवढी भेग सापडली होती. पूल सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर तो सही करीत नव्हता. उद्घाटन दोनदा पुढे गेलं होतं.

त्याच दिवसांत भावजयीच्या किडन्यांनी दगा दिला. यादीत तिचा नंबर लागला एकोणिसावा.

"ताई, तुझ्याकडून काही होईल का?" भावाने कधी नव्हे ते विचारलं.

"होईल तेव्हा होईल," त्या म्हणाल्या. पण भावजयीचे पाय भोपळ्यासारखे सुजले, उशीला टेकून रात्र काढायची वेळ आली, तेव्हा सिस्टर स्वतःच्या पायांनी नगराध्यक्षांच्या कार्यालयात गेल्या.

पीए उठून उभा राहिला. "अहो, घरचं माणूस! आधी सांगायचं नाही का?"

त्याने काहीही मागितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भावजयीला मशीन मिळालं. भावाला त्यांनी सांगितलं, नंबर आला म्हणून. त्याने बहिणीचे दोन्ही हात धरले. त्या हातांकडे सिस्टरांना बघवलं नाही.

तीन आठवड्यांनी पुलाची फाइल पुन्हा भावाच्या टेबलावर आली. सोबत पीए.

"वहिनींच्या चेहऱ्यावर आता तेज आलंय," तो म्हणाला. "आमच्या साहेबांनी मुद्दाम लक्ष घातलं होतं."

भाऊ तसाच उठून बहिणीच्या घरी आला.

"कुणाचा नंबर कापलास?"

सिस्टर भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ताई, मी विचारतोय. कुणाचा?"

"अठरा जणांचा," त्या म्हणाल्या. "तुझी बायको आहे ती. मी काय करायला हवं होतं, सांग."

तो आल्या पावली परत गेला. पण सही त्याने केली नाही.

दुसऱ्या सकाळी पीए चिठ्ठी घेऊन आला. या वेळी भावजयीचं नाव खोडायचं होतं. सिस्टर पेन हातात धरून बसून राहिल्या. शेवटी पीएनेच त्यांच्या समोरून यादी ओढली आणि रेघ मारली. "तात्पुरतं आहे," तो म्हणाला. खासगी दवाखान्यातलं मशीन बिघडलेलं निघालं, दुसऱ्या शहरात महिन्याने या म्हणाले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे तर श्वासच दाबला होता. पाचव्या दिवशी भावजय वाक्य पुरं करू शकेना. "सही... करू नका," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द खोकल्यात गेले.

त्या दुपारी भावाने सही केली.

पूल आठवड्याभरात उघडला. कामगारांच्या बस, शाळेच्या गाड्या, जुन्या पुलावरची सगळी वाहतूक तिकडे वळली. भावाने बहिणीशी बोलणं सोडलं. भावजयीला सोडायला यायचा आणि खाली गेटपाशीच थांबायचा.

सिस्टरांना झोप लागेना. शेवटी एका संध्याकाळी जुन्या यादीच्या प्रती आणि सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत घालून त्या वार्ताहराकडे गेल्या. त्याने एकेक कागद नीट वाचला. मग दार लोटून घेतलं.

"हे छापायला हवं," सिस्टर म्हणाल्या. "खांबाला भेग आहे. माझा भाऊ सांगेल."

वार्ताहराने कागद पुन्हा पिशवीत भरले, पिशवीचे बंद बांधून दिले. आतल्या खोलीतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता.

"सिस्टर, बाबांचा उद्या मशीनचा वार आहे," तो म्हणाला.

सकाळी पीए त्यांच्या आधीच वॉर्डात येऊन बसला होता. त्याने सगळ्यांसाठी चहा मागवला होता.

"या वयात किती दगदग करता," तो म्हणाला. "आजपासून खाली भांडारात बसा. चादरींचा हिशेब बघा. यादी आता आमच्या ऑफिसातून निघेल."

सिस्टरांनी खुर्चीची पाठ धरली. "आणि माझी भावजय?"

"त्यांचा वार कायम आहे. तुम्ही शांत, तर त्याही शांत." त्याने हात पुढे केला. "पिशवी घरी आहे की बरोबर?"

त्यांनी पिशवी दिली. कपाटाची किल्लीही दिली, ती त्याने मागितली नसतानाही.

भांडार तळघरात होतं. चादरींचे गठ्ठे, फिनेलचा वास आणि छताजवळ एक गजाची खिडकी. दुपारी फोन वाजला. भावाचा होता, दीड महिन्यानंतर.

"ताई, हिचं मशीन झालं. आता घरी नेतोय."

"बरी आहे ना?"

"बरी आहे."

मग सिस्टरांनी विचारलं, "अरे, कुठल्या रस्त्याने नेतोस तिला?"

"जुना पूल पाडायला घेतलाय त्यांनी," तो म्हणाला. "आता एकच रस्ता आहे."