पेठ्याचं हातभर कुरण

अध्यक्षसाहेब, गवत तुम्ही चोरलंत.

सोसायटीच्या नकाशात तीन इमारतींच्या मधोमध एक हिरवा चौकोन होता. त्यावर 'लॉन' असं छापलं होतं. तो चौकोन दाखवून तुम्ही माणसांना दिल्लीच्या टोकाला, द्वारकेच्या धुळीत राहायला आणलंत. मग त्यावर सिमेंट ओतलंत आणि आपली नवीकोरी गाडी उभी केलीत. आणि काल खालून, गॅलरीतल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "ये कूड़ा हटाओ."

मित्रांनो, तो 'कूडा', तो कचरा म्हणजे मी. मी एक जुना प्लास्टिकचा ट्रे आहे. पूर्वीच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली सरकवलेला असायचा ना, तोच. बर्फ वितळला की पाणी झेलायचं, एक थेंबही खालच्या भाजीवर पडू द्यायचा नाही, एवढंच मला शिकवलेलं होतं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी ते वर्षानुवर्षं केलं. घरच्या कुमुदताई माझ्यावर श्रीखंडाचा वाडगा ठेवायच्या आणि कौतुकाने म्हणायच्या, "ट्रे आहे म्हणून कोथिंबीर कोरडी राहते हो!"

मग बाजार खुला झाला. परदेशी कंपन्यांचे फ्रीज आले, ज्यांत बर्फ साचतच नाही. त्यांचे यजमान पद्माकरराव मंत्रालयातल्या नोकरीवर कर्ज काढून या नव्या फ्लॅटमध्ये आले आणि त्यांनी तसला फ्रीज घेतला. जुना कबाडीवाल्याने नेला. मी तेव्हा गॅलरीत वाळत पडलो होतो, म्हणून मागे राहिलो. त्यानंतर तेलकट बरण्या माझ्यात बसल्या. ज्याच्यात काही साचत नाही, त्याला झेलणाऱ्याची काय गरज? खूप राग यायचा. अजून येतो.

मग घरात पेठा आला. पेठा म्हणजे ससा. पांढरा, चौकोनी, थेट आग्र्याच्या पेठ्याच्या वडीसारखा. त्यांच्या मुलीने, रसिकाने, हट्टाने आणलेला. कोणाला काही माहीत नव्हतं. तो ब्रेड खायचा, बिस्किटं खायचा, आणि सगळे "किती गोड!" म्हणायचे. एक दिवस त्याने खाणंच सोडलं.

जनावरांचे डॉक्टर पद्माकररावांवर खेकसले. "बिस्कुट बंद! घास खाने वाला जानवर है, साहब. घास नहीं खाएगा तो बचेगा नहीं." त्यांनी औषध दिलं, पातळ खाणं पिचकारीने भरवायला सांगितलं. टांगेवाल्याकडून वाळलेलं गवत आणलं. पेठ्याने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"हिरवं काहीतरी दाखवा त्याला, बाबा," रसिका म्हणाली. "खाऊ म्हणून. मग हेही खाईल."

बापलेक सेक्टरभर हिंडले. वाळू, विटा, सळया. हिरवं गवत कुठेच नाही. रसिका नकाशातला तो चौकोन शोधत खाली गेली आणि तुमच्या गाडीला वळसा घालून परत आली.

तेव्हा कुमुदताई म्हणाल्या, "घटाभोवती पेरतो तसे गहू पेरू की. त्यात काय अवघड आहे?" बरण्या हलल्या. माझ्यात माती आली, भिजवून मोड आणलेले गहू आले. आणि नवरात्रात करतात तेच त्यांनी केलं. मला देवघरापाशी अंधारात ठेवलं, झाकलं, सकाळ-संध्याकाळ भक्तिभावाने पाणी घातलं. मीही माझा धर्म पाळला. एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

झाकण काढलं तर पिवळे, लुळे अंकुर आणि मुळाशी पांढरी बुरशी.

शेजारच्या चढ्ढा आंटी डोकावल्या. "हाय रब्बा! कुमुद जी, घास को पीलिया हो गया!"

"अहो, कावीळ कसली, घटाचं असंच असतं," कुमुदताई रडवेल्या झाल्या.

"देवीला चालतं गं आई," रसिका म्हणाली. "पेठा देवी नाहीये!"

बुरशीचं सगळं फेकून मला उन्हात घासलं. मग पद्माकररावांनी सांडशीत खिळा धरून गॅसवर लाल केला.

"अहो, भोकं पाडून ट्रे वाया जाईल ना?"

"पाणी तुंबलं तर ससा जाईल. सांग, काय जाऊ देऊ?"

मित्रांनो, चर्र झालं. ज्याने जन्मभर पाणी धरलं, त्याच्या बुडाला भोकं! मला वाटलं, संपलं. पण पाणी घातलं आणि ते माझ्यातून निघून गेलं तेव्हा पहिल्यांदा हलकं वाटलं. धरणं मला येत होतं. सोडणं खिळ्याने शिकवलं.

या वेळी पातळ माती, नुसता पाण्याचा शिडकावा, आणि कोंब वर येताच गॅलरीतलं ऊन. हिरवीगार पाती चार बोटं वाढली. रसिकाने मला पेठ्यापुढे ठेवलं. त्याने नाक हलवलं. मग आवाज आला, कुर्र कुर्र.

"खातोय! आई, खातोय यार!"

आठवडाभरात तो हिरव्याच्या नादाने वाळलेलंही खाऊ लागला. ते त्याचं जेवण, मी त्याचा खाऊ. मग चढ्ढा आंटींनी पोपटासाठी मिठाईच्या डब्यात गहू पेरले, वरच्या मजल्यावर गिनीपिगसाठी पेरले. गॅलऱ्या हिरव्या झाल्या. आणि तुम्ही फर्मान काढलंत: गॅलरीत ट्रे दिसता कामा नयेत, शोभा जाते!

म्हणून आज रसिकाने मला खाली आणलं. नकाशातल्या चौकोनाच्या बरोबर मधोमध, सिमेंटवर ठेवलं. पोरांनी आपापले डबे माझ्याभोवती मांडले. पेठा माझ्यात तोंड घालून बसला. तुमची गाडी आली, हॉर्न वाजला.

"बेटा, हटाओ ये सब."

रसिका उठली नाही. "अंकल, हमने लॉन की जगह पर लॉन रखा है. ग़लत क्या है?"

तुम्ही हॉर्नवरचा हात काढलात. गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघताहेत. पद्माकरराव ऑफिसची बॅग खाली टाकून लेकीशेजारी सिमेंटवर बसले आहेत.

मित्रांनो, जुनं टाकण्याआधी एकदा त्याला भोकं पाडून बघा. आणि जीव घरी आणण्याआधी तो काय खातो ते विचारा.

अध्यक्षसाहेब, मला पाणी धरता येत नाही आता, पण जागा धरता येते. काच खाली करा आणि पोरीला सांगा. तो हिरवा चौकोन कुठे आहे?