सहाव्या जागेचा चाळ

रोपवेचं एक जुनं तिकीट. त्याच्या पाठीवर पेनाने ओढलेल्या आठ उभ्या रेघा, सहावी पुसट.

लाल मातीत उजव्या टाचेचा खोल ठसा.

सवच्या गरम कुंडात बुडवलेले म्हातारे गुडघे.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला वाजलेला फोन.

खिळ्याला टांगलेली, दोन वर्षं न सुटलेली एक गाठ.

एक

मित्रांनो, या सगळ्या वस्तूंचा माझ्याशी संबंध आहे. मी एक जुना चाळ आहे. राहायची चाळ नव्हे. कोकणातल्या बाल्या नाचात उजव्या पायाला बांधतात तो घुंगरांचा चाळ. माझ्या अंगावर चोवीस पितळी घुंगरं आहेत. महाडच्या एका ओताऱ्याने ती ओतली आणि आमच्या वाडीतल्या एका म्हातारीने ती जाड सुती दोरीत ओवली. तेव्हा आम्ही आठ भाऊ होतो. आठ नाचे, आठ उजवे पाय, आठ चाळ. मी सहाव्या जागेचा.

वाडीचे दोन नियम होते. पहिला असा, की आपला चाळ आपण बांधायचा नाही. दुसऱ्याने बांधायचा, बांधून झाल्यावर दोरीखाली बोट घालून पाहायचं (एक मावलं तर गाठ नीट, दोन मावली तर पाय निसटतो), आणि नाच संपल्यावर ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्या कोणाचा हात गाठीला लागता कामा नये. दुसरा नियम असा, की सलग तीन गणपती रिंगण झालं नाही, तर आठही चाळ अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर सावित्री नदीत सोडायचे. रिंगण म्हणजे आठ जणांचं. सात जणांचं रिंगण धरत नाहीत.

लहानपणी मला हे नियम म्हणजे नुसत्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी वाटत. नवं पितळ असंच असतं, मित्रांनो. त्याला आपला आवाज फार आवडतो.

दोन

माझ्या कामाची वर्षं श्रीपतच्या पायात गेली. तो भातशेती करायचा. त्याची टाच रुंद होती आणि घोट्याचं हाड बाहेर आलेलं. चौथ्या फेऱ्यात सगळे एकदा टाच मारत, तेव्हा हा दोनदा मारायचा. म्होरक्या कुशाबा दर वर्षी ओरडायचा, "श्रीपत्या, एक रे, एक! तुला मोजायला येत नाय काय?" श्रीपत हसायचा आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा दोनदा मारायचा. लोक त्या दुसऱ्या ठोक्यासाठीच थांबत. त्या ठोक्याला माझी वाहवा होत असे.

मला बांधायची ती त्याची बायको, राहीबाई. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तीच. सोडायचीही तीच.

मग एका आषाढात, तालमीचा नारळ फुटायचा त्या दुपारी, राहीबाईने मला बांधलं. श्रीपत छत्री घेऊन कुशाबाच्या अंगणाकडे निघाला. मध्ये ओढा होता. आम्ही ओढ्यापाशी पोचलो आणि वरचा डोंगर खाली आला.

त्याचा आवाज मी सांगणार नाही. मला आवाजाचीच नोकरी आहे, तरी सांगणार नाही.

नवव्या दिवशी मातीत मी सापडलो. श्रीपत सापडला नाही. मला उचलणाऱ्या माणसाने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि मग घाईने खाली ठेवलं. माझी गाठ तशीच बांधलेली होती. घट्ट. आतला पाय तेवढा नव्हता.

तीन

वाडीतली उरलेली घरं पोलादपूरच्या बाजूला नव्या वसाहतीत आली. निळे पत्रे, सारखी दारं. काही जण मुंबईला गेले. राहीबाईने मला खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलं. ती रोज मला पुसते, पण गाठीला फडकं लावत नाही.

पहिला गणपती सुतकात गेला. दुसऱ्याला माणसं जमली नाहीत. तिसऱ्याला, म्हणजे यंदा, मुंबईकर गौरी सोडून लगेच परत गेले. सोमवारी अनंत चतुर्दशी होती. कुशाबाने उरलेले सात चाळ एका गोणपाटात बांधून ठेवले होते. माझे भाऊ आत एकमेकांना लागून गप्प पडले होते.

आणि शुक्रवारी सकाळी पावणेदहाला राहीबाईच्या पुतण्याचा, हर्षदचा, मुंबईहून फोन आला. तो वाडीच्या नाच मंडळाचा सेक्रेटरी. राहीबाईला नीट ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर होता. कुशाबा ओट्यावरच बसला होता.

"काकी, कुशाबा आजोबांना दे. आजोबा, परवा रविवारी महाडला प्रोग्रॅम हाय. एक पार्टी कॅन्सल झाली. चार वाजताचा स्लॉट खाली हाय, मी आपलं नाव दिलंय."

"परवा? आरं, माझा गुडघा वाकाय दोन दिवस लागतात!"

"टेन्शन नको. मी धरून चार जण इकडून येतो. तिकडं तू, अक्षय आणि विनीत. झाले की!"

"सात झाले," कुशाबा म्हणाला. "सेक्रेटरी हायस ना? मोज."

राहीबाई आणि कुशाबा, दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते ठरवून पाहिलं नाही.

चार

शनिवारी सकाळी कुशाबा सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन गुडघे शेकून आला. अंगाला गंधकाचा वास घेऊनच त्याने वसाहतीसमोरच्या लाल मातीत तालीम लावली. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला मावशीकडे राहून रोपवेच्या तिकीट खिडकीवर काम करणारी श्रीपतची मुलगी, समीक्षा, रजा टाकून आली होती. येताना बसमध्ये तिने एका जुन्या तिकिटावर रिंगण मांडलं होतं. आठ रेघा.

"सहावी मी," ती म्हणाली.

मृदंगावर भागोजी होता. तो फिस्कारला. "तू? तिकिटं फाडून पाय चालत नाय गो पोरी. तुला एक तरी पाऊल येतं काय?"

"बाबांचं बघून माहीत हाय. आणि नाय नाचलो तर सोमवारी बाबांचा चाळ पाण्यात जाईल. मग मी काय बघू? खिळा?"

भागोजीने मृदंग मांडीवर ओढला. तिचं खरं कारण हेच होतं, मित्रांनो. तिच्याकडे बापाचा फोटो एकच, तोही रेशनकार्डाचा. बाकीचा बाप माझ्या आवाजात होता.

हर्षद आणि मुंबईचे तिघे रात्रीच आले होते, आणि हर्षदने तिच्यासाठी महाडच्या बाजारातून नवी घुंगरं मागवली होती. ती येईपर्यंत सात जणांनीच फेरा धरला. सात माणसं गोलात उभी राहिली, तर अंतर सारखं पडायला हवं. पण पाचव्या आणि सातव्याच्या मध्ये एका माणसाची जागा सुटली. कुशाबाने त्यांना सरकवलं. दुसऱ्या फेऱ्यात जागा पुन्हा सुटली. कोणी मुद्दाम करत नव्हतं. त्यांच्या पायांना तशीच सवय होती.

चौथ्या फेऱ्यात सगळ्यांनी टाच मारली. एकदा.

खिळ्यावर मी वाजलो. दोनदा.

वारा नव्हता. राहीबाई चुलीपासून उठली, आली आणि तिने मला मुठीत धरलं. घुंगरं थांबली. पण तिच्या मुठीत ठोका बसतच होता, आणि ती तो मोजत होती. तिचे ओठ हलताना मी पाहिले.

बाहेर भागोजीने मृदंग थांबवला. "म्होरक्या," तो हळू म्हणाला, "ती जागा मोकळी नाय."

सगळ्यांनी खाली पाहिलं. सुटलेल्या जागेत, ओल्या मातीत, उजव्या टाचेचा एक खोल ठसा होता. रुंद. डाव्या पायाचा ठसा नव्हता. समीक्षा पुढे झाली आणि तिने आपली टाच त्यात ठेवली. तिच्या टाचेभोवती बोटभर जागा उरली.

"थंड हाय," एवढंच ती म्हणाली.

पाच

हर्षदने मागवलेली घुंगरं वेलक्रोच्या पट्टीवर शिवलेली होती. बांधायला नको, सोडायला नको. "एकदम मॉडर्न," तो म्हणाला. "कोणाचा हात लागायचा प्रश्नच नाय."

समीक्षा सहाव्या जागेवर उभी राहिली. चौथ्या फेऱ्याला पट्टी चर्रकन सुटली आणि घुंगरं गोलाबाहेर जाऊन पडली. पुन्हा लावली. पुन्हा चौथ्या फेऱ्याला सुटली. तिसऱ्यांदा हर्षदने वरून चिकटपट्टी गुंडाळली. ती चिकटपट्टी न फाटता, गोलच्या गोल, जमिनीवर येऊन पडली.

मग कोणी हसलं नाही. कुशाबा राहीबाईच्या दारात आला. आत आला नाही.

"राहीबाय, आता तुझ्याच हातात हाय."

"नाय."

"गाठ सोड. पोरीच्या पायाला नवी बांध."

राहीबाईने मला खिळ्यावरून काढून पदराखाली घेतलं. "तुम्ही त्याला मेला म्हणता. मला कोणी दाखवला? गाठ बांधून गेलाय तो. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, तुमचाच नियम ना? मग सोडवून घ्यायला तरी यावं लागंल त्याला माझ्याकडं. मीच सोडली, तर तो कशाला येईल?"

समीक्षा दारामागे उभी राहून ऐकत होती. तिने आईला एकच विचारलं.

"आये, दोन वर्षं तो दारापर्यंत येऊन उभा असंल, आणि तूच त्याला पाय पुढं कर म्हणत नसशील तर?"

सात

सहावी जागा सध्या राहू दे.

रविवारी दोन वाजता टेम्पो निघाला. सात चाळ, एक मृदंग, नाचे आणि समीक्षा. तिने पायात काही घातलं नव्हतं. टेम्पो हमरस्त्याला लागणार, तोच राहीबाई पदराखाली हात धरून आली आणि कोणाशी न बोलता मागे चढून बसली.

महाडच्या सभागृहामागे एक अरुंद खोली होती. पंखा, आरसा, कोणाचे तरी खोके. सगळे एकमेकांचे चाळ बांधत होते. राहीबाई समीक्षासमोर खाली बसली आणि तिने मला दोन्ही हातांत धरलं.

"पाय घाल."

"आये, आधी गाठ…"

"गाठ पायातच सोडतात. हवेत नाय सोडत. घाल पाय."

मित्रांनो, त्या फासातून समीक्षाची चार बोटंसुद्धा गेली नसती. मला माझं माप माहीत आहे. तिने अंगठा टेकवला, डोळे मिटले, आणि पाय आत आला. कसा, ते मला विचारू नका. मी पितळ आणि दोरी आहे. दोरी ताणली गेली नाही आणि गाठ सरकली नाही. फक्त दोन वर्षं माझ्या आत जो गारवा होता, तो तिच्या पायाला जागा देऊन बाजूला झाला.

खोलीतल्या कोणाच्याही हातून त्या क्षणी दुसरी गाठ बसली नाही. अक्षयने विनीतचा चाळ तीनदा बांधला.

आठ

रिंगण आठांचं झालं. मध्ये जागा सुटली नाही.

पहिले तीन फेरे समीक्षा चुकत होती. नजर पुढच्याच्या टाचेवर आणि पाऊल अर्धा ठोका मागे. चौथ्या फेऱ्याला सगळ्यांनी टाच मारली आणि तिने दोनदा मारली. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. कुशाबाची मान वळली. "एक रे, एक!" हे त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मी पाहिलं. तो बोलला नाही. रडत पुढे नाचला, आणि लोकांना वाटलं घाम आहे.

बारा मिनिटांनी नाच संपला. खोलीत राहीबाई पुन्हा खाली बसली. माझी गाठ सोडायला तिला फार वेळ लागला. शेवटी तिने वाकून दातांनी दोरी धरली. पीळ सुटला तेव्हा आतून लाल माती निघाली. दोन वर्षांची माती. पण ती ओली होती.

राहीबाई त्या पायाकडे पाहत म्हणाली, "जा आता. सोडलं मी."

समीक्षा तिथेच बसून होती. ती कुठे जाणार होती? पण दार मात्र हललं. मग पंख्याचाच काय तो आवाज उरला.

सोमवारी फक्त गणपती नदीत गेला. आम्ही आठ भाऊ आता राहीबाईच्या घरी एकाच दांडीला टांगलेले असतो. माझी दोरी सरळ लोंबते. मी आपोआप वाजत नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं एकटं वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, तेलपाणी करा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच मागतो, की तुम्ही कोणाला काही बांधून दिलं असेल, तर सोडायला तुम्हीच जा. उशीर झाला तरी जा. समोरचा पाय पुढे करून थांबलेला असतो.

सहा

दरडीच्या दुपारी राहीबाईने श्रीपतच्या पायाला मला बांधलं आणि रीतीप्रमाणे दोरीखाली बोट घालून पाहिलं. एकच बोट मावलं; पाय निसटेल अशी गाठ नव्हती ती.