ब्रेकवर कुणाचा पाय

माझे सासरे एकतीस वर्षं गाडी चालवताहेत. त्यातली शेवटची अकरा डायलिसिसच्या पेशंटना घरून केंद्रात आणि केंद्रातून घरी पोचवण्यात गेली. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. घरात उठता-बसता ऐकावं लागतं, म्हणून पाठ झालंय.

अशा माणसाच्या गाडीनं महिन्याभरात तीन वेळा मोकळ्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला. पहिल्या दोन वेळी पेशंट नुसते दचकले. तिसऱ्या वेळी मात्र मागे बसलेल्या निवृत्त शिक्षिकाबाई पडलेला चष्मा उचलायला वाकल्या होत्या, त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि हे एवढं टेंगूळ आलं.

केंद्राच्या प्रत्येक गाडीत वेग आणि ब्रेक नोंदवणारा एक छोटा डबा असतो. त्यात तिन्ही ब्रेकची नोंद झाली होती. आता, ब्रेक लागला एवढंच त्या डब्याला कळतं, कुणी लावला ते कळत नाही. पण मॅनेजरसाहेबांना ते विचारायची गरज वाटली नाही. त्यांनी बाबांच्या हातात टाइप केलेला कागद ठेवला: ‘वाढत्या वयामुळे माझा पाय चुकून ब्रेकवर पडला. यापुढे मी वाहन चालवणार नाही. मला गेटवर काम द्यावे.’ सोमवारपर्यंत सही करून आणायची होती.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “माझाच पाय पडला असेल.”

लग्नाला बारा वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून स्वतःची चूक मी कधी ऐकली नव्हती. स्वतःच्या चष्म्यावर बसले तेव्हासुद्धा ते खुर्चीवर ओरडले होते. त्यामुळे खरं तर मला मजा वाटायला हवी होती. पण वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. ‘बाबांना आता थांबवायला हवं,’ असं मी दोन दिवसांपूर्वीच नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा टेबलाशी बसलेले. टेबलाखाली दोन चपला शेजारी-शेजारी मांडलेल्या. उजवा पाय एका चपलेवरून दुसरीवर, पुन्हा पहिलीवर. “हा ब्रेक, हा ॲक्सिलरेटर,” असं चाललेलं. मी आल्या पावली आत गेले आणि कपात पुन्हा साखर घालत बसले.

सोमवारी सासूबाईंनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी घ्यायला लावली. “त्यांना एकटं सोडू नकोस गं. सही करतील आणि वर साहेबाचे आभार मानून येतील.”

म्हणून आम्ही दोघं केंद्रावर गेलो. आवारात बाबांची गाडी उभी होती. मी गाड्यांच्या काचा बसवते, त्यामुळे लोक माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात तशी मी काचेकडे बघते. पुढच्या काचेच्या कडेचा काळा चिकट पट्टा ताजा, चकचकीत होता.

“बाबा, ही काच कधी बदलली?”

बाबांनी बुटांकडे बघायला सुरुवात केली. “झाले असतील पाचेक आठवडे. खडा उडाला होता. इथल्याच वर्कशॉपनं बसवली.”

“आणि मला बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, आमच्या दुकानात का नाही आणली.”

“म्हणालेच असते! पहिला ब्रेक कधी लागला?”

“त्यानंतर आठवड्यानं.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मागोमाग तिडीक गेली. या सासऱ्यांनी सुनेच्या तोंडाला घाबरून नोकरी घालवत आणली होती.

“ब्रेक लागायच्या आधी शिट्टी वाजली होती? लाल दिवा लागला होता?”

“वाजली होती की. दिवाही लागला. पण साहेब म्हणाले, जोरात ब्रेक दाबला की सगळंच वाजतं.”

जोरात दाबला की वाजतं म्हणे, काय वाट्टेल ते! आजकालच्या गाड्यांना आरशामागे, काचेला लागून एक छोटा कॅमेरा असतो. समोर गाडी आहे की माणूस, ते किती लांब आहे आणि आपल्या वाटेत आहे का, हे तो सतत बघत असतो. आता धडकणार असं वाटलं की तो आधी शिट्टी वाजवून दिवा लावतो. ड्रायव्हरनं ऐकलं नाही तर गाडी स्वतःच ब्रेक दाबते. काही गाड्यांत बंपरमागे रडारही असतं. ते कॅमेऱ्याला विचारतं, ‘नक्की ना रे?’ बाबांच्या गाडीत तसं कुणी विचारणारं नव्हतं. सगळी भिस्त त्या एका डोळ्यावर.

आणि काच बदलली की तो डोळा काढून परत बसवावा लागतो. मग गाडीसमोर मोजून-मापून चौकटींचा एक फळा उभा करायचा आणि कॅमेऱ्याला शिकवायचं, ‘बाबा रे, सरळ म्हणजे हे.’ त्यात एका अंशाचा फरक पडला तरी चाळीस मीटरवर कॅमेरा पाऊण मीटर बाजूला बघतो. कडेला गुपचूप उभी असलेली गाडी त्याला थेट आपल्या वाटेत दिसते.

मी बाबांचा हात धरून त्यांना वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. फोरमननं माझं सगळं ऐकून घेतलं आणि फाइलमधून एक छापील कागद काढून माझ्यासमोर धरला. “हे बघा. कॉम्प्युटरनं पास म्हटलंय. मी फीत लावून मोजलंय, जमिनीवर खुणा केल्यात. माझ्या कामात खोट काढू नका.”

खुणा होत्या खऱ्या, पिवळ्या चिकटपट्टीच्या, अगदी नेटक्या. चार चाकांच्या चार, आणि पुढे फळ्याची एक. माणूस प्रामाणिक होता.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी गाडी धुऊन बादली उपडी केली. पाणी सरसर वाहत आलं, फळ्याच्या खुणेवरून तिरकं गेलं आणि कोपऱ्यातल्या जाळीत उतरलं. चाकांच्या खुणा कोरड्याच राहिल्या.

“फोरमन, तुमच्याकडे लेव्हल आहे?”

त्यांनी लेव्हलची पट्टी दिली. चाकांच्या जागी बुडबुडा मधोमध थांबला. फळ्याच्या जागी तो तडक एका टोकाला जाऊन बसला. गाडी सपाटीवर आणि फळा उतारावर! पायथा बरोबर जागी होता, पण वरचा भाग चार बोटं बाजूला कलला होता. कॅमेरा बिचारा त्या कललेल्या फळ्यालाच सरळ समजून बसला होता.

फोरमननं पट्टी स्वतः तीन वेळा ठेवून पाहिली. “पाणी जावं म्हणून उतार दिलाय,” ते हळूच म्हणाले.

“पाणी गेलं,” मी म्हटलं. “पाठोपाठ माझे सासरेही चालले होते.”

मॅनेजरसाहेब मात्र एवढ्यानं बधणारे नव्हते. बाबांकडचा बिनसहीचा कागद त्यांनी मागून आपल्या खिशात ठेवला. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. “उतार असेल हो. पण त्या तीन वेळी ब्रेक गाडीनंच दाबला, काकांनी नाही, हे कशावरून?”

“दाखवते,” मी म्हणाले.

मी दुकानात फोन केला. आमच्या मालकांनी काचा बसवल्यावर तपासणीसाठी एक फुगवायची गाडी घेतली आहे. मागून ती हुबेहूब खऱ्या गाडीसारखी दिसते. ठोकर बसली तर नुसती लवंडते. अर्ध्या तासात ती आली. केंद्रामागच्या लांब, सरळ रस्त्याची दोन्ही टोकं आम्ही बंद केली आणि फुगा कडेला, गाडीच्या वाटेबाहेर उभा केला. आत नंबराची वाट बघणारे पेशंट खिडक्यांना चिकटले. शिक्षिकाबाई तर कपाळाचं टेंगूळ घेऊन सरळ बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“बाबा, सीट मागे घ्या. तीसचा वेग आला की ठरावीक वेगाचं बटण लावा, म्हणजे पाय न लावता गाडी त्याच वेगानं चालेल. मग मांडी घाला.”

“काय घाला?”

“मांडी. दोन्ही पाय वर. म्हणजे ब्रेकवर कुणाचा पाय होता हा प्रश्नच मिटला. स्टिअरिंग फक्त घट्ट धरा.”

साहेब मागच्या सीटवर पट्टा बांधून बसले. बाबांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. “सूनबाई, आणि गाडी नाहीच थांबली तर?”

तर पाय त्यांचाच होता हे सिद्ध होणार होतं, तेही सगळ्यांसमोर आणि माझ्या हातून. मी म्हणाले, “थांबेल.”

गाडी निघाली. तीसच्या वेगानं फुग्याजवळ आली आणि शांतपणे, ना शिट्टी ना दिवा, पुढे निघून गेली.

खिडक्यांमागे कुजबुज थांबली. रस्त्याच्या टोकाला बाबांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि साहेबांपुढे हात केला. “द्या तो कागद. पेन आहे माझ्याकडे.”

साहेबांनी खिशातून कागद काढलासुद्धा. मी धावत गेले. धावता धावताच माझ्या लक्षात आलं की मी महामूर्ख आहे. फळा एका बाजूला कलला होता, म्हणजे कॅमेराही एकाच बाजूला चुकणार. आणि मी घाईघाईत, न विचारता, फुगा भलत्याच कडेला ठेवला होता.

“बाबा! त्या तिन्ही वेळी गाड्या कुठल्या बाजूला उभ्या होत्या?”

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. “माझ्या बाजूला. दुभाजकाला लागून. पहिल्यांदा दिवे दुरुस्त करणाऱ्यांची पिवळी गाडी, दुसऱ्यांदा पाण्याचा टँकर, तिसऱ्यांदा पुन्हा तीच पिवळी. मागचं डावं दार उघडं होतं.”

साहेबांचा हात कागदासकट मध्येच थांबला. पाय कुठे पडतोय याचं भान नसलेल्या म्हाताऱ्याला दार कुठलं उघडं होतं ते आठवत नसतं.

मी फुगा ओढत दुसऱ्या कडेला नेला. तो वाटेच्या बाहेर आहे हे साहेबांना स्वतः पावलं टाकून बघायला लावलं. बाबा पुन्हा चढले. गाडी निघाली. दहा, वीस, तीस. बाबांनी बटण लावलं आणि पुन्हा मांडी घातली. समोर रस्ता साफ मोकळा. फुगा आपल्या कडेला गुपचूप उभा.

पीं पीं पीं! दिवा लाल झाला आणि गाडीनं असा काही ब्रेक मारला की टायर किंचाळले. साहेबांच्या नाकावरचा चष्मा पुढच्या सीटवर जाऊन बसला. आणि उघड्या खिडकीत, सगळ्या केंद्रासमोर, माझे सासरे मांडी घालून बसले होते, पंगतीला बसल्यासारखे.

“बाबा, पाय खाली! गाडी ब्रेक सोडेल आता!” मी ओरडले, पण त्यांचा पाय केव्हाच खाली पोचला होता.

शिक्षिकाबाईंनी टाळी वाजवली आणि मग खिडक्यांमागून एकच कल्ला झाला. मी रस्त्यातच रडायला लागले. अगदी नाक-डोळे पुसत, लाज सोडून. साहेब खाली उतरले, त्यांनी चष्मा लावला आणि त्या कागदाचे चार तुकडे केले. “काका, चूक माझी. मी विचारायला हवं होतं.” एवढं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क.

पण काम अर्धंच झालं होतं. डोळा सरळ करायचा होता. फोरमननं कुणाला हात लावू दिला नाही. फळा स्वतः खांद्यावर घेऊन ते मालाच्या गोदामात गेले आणि तिथली फरशी लेव्हल लावून इंच-इंच तपासली. आम्ही दोघांनी मिळून कॅमेऱ्याला नव्यानं सरळ शिकवलं. तास गेला. मग फुगा आधी एका कडेला आणि नंतर दुसऱ्या कडेला ठेवून गाडी जवळून नेली, तर हूं की चूं नाही.

शेवटी मी फुगा बरोबर वाटेच्या मध्ये उभा केला. आता मात्र गाडीनं थांबायलाच हवं होतं. या वेळी बाबांचा पाय ब्रेकजवळ ठेवायचं ठरलं, न जाणो काही झालं तर. साहेब पुन्हा मागे बसले.

गाडी आली आणि फुग्यापासून चांगली लांब, अलगद थांबली. शिट्टी नाही, दिवा नाही, धक्का तर नाहीच.

साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “अहो काका, गाडीला थांबू द्या ना!”

“देणार होतो साहेब. पण समोर काहीतरी दिसलं आणि पाय गेला.”

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी पाय आवरायची शपथ घेतली, दातओठ खाल्ले, आणि तरीही शिट्टी वाजायच्या आत त्यांचा पाय ब्रेकवर होता. फोरमन हसून हसून भिंतीला टेकले.

“उतरा काका,” साहेब म्हणाले, “तुमच्याच्यानं हे होणार नाही.” मग फोरमन स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी पाय मुद्दाम बाजूला ठेवला. गाडीनं शिट्टी घातली, ब्रेक मारला आणि फुग्याला न शिवता थांबली.

बाबा गाडीच्या बंपरपासून फुग्यापर्यंत मोजत चालले. “दोन पावलं,” ते म्हणाले. मग ते मागे फिरले, आपल्या आधीच्या ब्रेकची जागा शोधून तिथे उभे राहिले आणि सावकाश, एकेक पाऊल टाकत परत फुग्याकडे आले. सगळ्या खिडक्या त्यांच्याबरोबर मोजत होत्या.

“अकरा,” बाबा म्हणाले. शेवटच्या खिडकीतल्या पेशंटना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाले, “अकरा!”