गावाचं रान

धम्मप्रियाची लेक पहिलीत बसली, ते दोन हजार तेवीसचं साल. त्याच पावसाळ्यात अर्धापूरजवळच्या केरबाच्या घरी विद्यापीठाचं बक्षीस येणार अशी बोलवा उठली आणि केरबाची झोप उडाली.

धम्मप्रिया त्याची सून. घरी राहून शिकायचा विद्यापीठाचा शेतीचा कोर्स तिनं धरला होता. पुस्तकं टपालानं यायची, रविवारी नांदेडच्या केंद्रावर तास, बाकी सगळं आपल्याच शेतात करून बघायचं. त्यात ती इतकी पुढं निघाली की उत्कृष्ट विद्यार्थिनी म्हणून तिचं नाव वर गेलं. मात्र आधी लातूरचे एक सर शेत बघायला येणार होते.

"बक्षिसाला शेत कशाला बघावं लागतं?" केरबानं विचारलं.

"मामा, म्या लिहिलं ते खरंच केलं का, ते नको बघाया?"

"इतक्या लोकांत आपलंच नाव कसं निघालं? मागं कोण हाय?"

चुलीपाशी त्याची बायको धुरपताबाई हसली. "माझ्या बापानं पोरगी देतो म्हणलं, तवाबी ह्यांनी हेच इचारलं होतं. आमच्यातच का, मागं कोण हाय!"

"तू गप. तुला काय ठावं."

केरबाचा धसका उगाच नव्हता. शेत गायरानाचं, म्हणजे सरकारी चराईचं रान. त्याच्या बापानं बाभळी तोडून, दगड वेचून ते कसायला घेतलं. पण सातबाऱ्यावर नाव काही चढलं नाही. एकदा उभ्या ज्वारीत गावानं जनावरं घातली होती. तेव्हापासून वस्तीत एक रीत पडली. अनोळखी माणसानं शेत कुणाचं म्हणून विचारलं, की लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत एकच उत्तर द्यायचं : गावाचं. हातात खुरपं असलं तरी.

सर आले त्या दिवशी धम्मप्रिया त्यांना घ्यायला फाट्यावर थांबली होती. सर मधल्या वाटेनं थेट शेतावर पोचले. महांतेश त्यांचं नाव. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. वरंब्यावर टोकून लावलेलं सोयाबीन मांडीला लागत होतं. केरबा एकटाच खुरपत होता.

"बाबा, शेत कुणाचं हे?"

"गावाचं."

"धम्मप्रियाताईंचं नाही?"

"कोण धम्मप्रिया?"

सरांनी सोयाबीनकडं बोट केलं. "मग पीक कुणी घेतलं?"

"ठावं न्हाई. आपुन रोजगारी माणूस."

सरांनी फोन खिशात घातला आणि वळले. केरबाला वाटलं, बला टळली.

घटकाभरानं धम्मप्रिया बांधावर आली. डोळे लाल. "मामा, मला वळखत न्हाई म्हणलात? सर म्हणाले, ताई, दुसऱ्याचं शेत आपलं म्हणून लिहिलंत. बक्षीस तर गेलंच, आता कोर्समधून बी नाव काढत्याल. चार लोकांसमोर खोटारडी ठरले मी."

"कुठं हायत ते?"

"फाट्यावर च्या पिऊन राहिलेत."

केरबा चालू लागला. मनात तिढा होता. आमचं म्हणावं, तर उद्या सरकारचा ट्रॅक्टर उभ्या पिकात. गावाचं म्हणावं, तर घरची सून चोर. आणि हा सरही आपल्या तोंडून तेवढंच काढायला आला नसेल कशावरून?

हॉटेलच्या बाकड्यापुढं तो उभा राहिला. "सर, म्या खोटं बोललो. रान आमी कसतो. सातबारा न्हाई. सोयाबीन ह्या पोरीनं लावलं, अन् ती माझी सून हाय."

"मग मघाशी असं का बोललात?"

"तुमच्या हातात फोन होता."

सरांनी कप खाली ठेवला. "मला उतारा नको होता, बाबा. काम कुणाचं, एवढंच बघायचं होतं."

"मंग फोन खिशातच ऱ्हाऊ द्या. डोळ्यानं बघा."

सर पुन्हा आले. धम्मप्रियानं एक झाड उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या, बी कमी कसं लागलं ते सांगितलं. सर चिखलात बसून विचारत होते, ती फटाफट उत्तरं देत होती. केरबाचं लक्ष तेवढा वेळ त्यांच्या खिशावर होतं.

हिवाळ्यात लातूरला तिचा सत्कार झाला. केरबा दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ढाल घेतलेली सून, मागं पडदा. शेत कुठं दिसतं का, ते त्यानं उन्हात धरून बघितलं.

उन्हाळ्यात अतिक्रमणाची नोटीस आली.

"म्हणलं नव्हतं? त्या सराचंच काम."

"मामा, साऱ्या वस्तीला आल्यात."

"पर पयली आपल्यालाच आली."

तरी तहसीलला जबाब द्यायला तो स्वतः गेला, आणि बापापासून आम्हीच कसतो, असं सांगून अंगठा न लावता सही करून आला. प्रकरण अजून चालू आहे. महांतेश सरांबद्दल त्याचं मन शेवटपर्यंत साफ झालं नाही. केरबा दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात, सोयाबीनची रास घरी आल्यावर, वारला.