"साहेबांना विचारून येतो"

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, दरवाजे मुकाट असतात असं तुम्हाला वाटत असेल, पण माझा राग अजून शमलेला नाही.

सुताराने मला जाड, भक्कम लाकडातून घडवलं. कुणाचं तरी घर राखीन असं मला वाटलं होतं. नशिबी आलं गाड्यांचं शोरूम! तिथे साहेबांच्या केबिनला मला बसवलं.

तिथली रीत ऐका. गाडीवर भाव लिहिलेला नसे. माणूस बघून भाव सांगायचा. गिऱ्हाईक "कमी करा" म्हणालं, की विक्रेता कपाळाला आठ्या घालून म्हणे, "थांबा हं, साहेबांना विचारून येतो." मग मला ढकलून आत येई. आत साहेब कुठले? ते बहुतेक बाहेरगावी. हा गृहस्थ पंख्याखाली बसून चहा घेई, मोबाइल बघे आणि तोंड पाडून बाहेर जाई. "साहेब ऐकतच नाहीत हो! उलट मलाच झापलं."

खोटं बोलायचं त्याने आणि आडोसा व्हायचं मी! मी संतापून करकरायचो. गिऱ्हाइकं वळून बघायची. मग एके दिवशी माझ्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. "आता कसा छान चालतो!" असं माझं कौतुक झालं. मित्रांनो, ती निगा नव्हती. माझं तोंड बंद केलं होतं.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आपल्या आईला घेऊन आली. आईचे गुडघे गेलेले, बसमध्ये चढता येईना आणि उपचाराला तर रोज जायचं. त्याच सकाळी एका कंत्राटदाराने टेबलावर मूठ आपटून, दोनदा "निघालो मी" म्हणत, ही बाई बघत होती तशीच गाडी कितीतरी स्वस्तात नेली होती. ही बाई भिडस्त. तिने एकदाच विचारलं, "थोडं कमी होईल का?" विक्रेता आत आला, चहा प्यायला, बाहेर गेला. "ताई, साहेबांनी हात वर केले."

"आई, दुसरी मशीन विकते," ती हळूच म्हणाली.

"अगं, मग शाळेचे एवढे गणवेश शिवून कसे होतील?"

"होतील गं एकीवर. तुला काय पाठुंगळी घेऊन जाऊ?"

मला ओरडायचं होतं. तेलामुळे आवाजच फुटेना.

पुढे गाड्या बनवणारी कंपनी स्वतःच त्या थेट गिऱ्हाइकांना विकू लागली. सगळ्यांना एकच भाव, तोही उघड. शोरूम ओस पडलं. विक्रेते म्हणाले, "माणुसकीच उरली नाही!" चोराच्या उलट्या बोंबा! मी मात्र भंगारात गेलो.

तिथे एक दिवस तीच बाई आली. कापड बेतायला तिला मोठी फळी हवी होती. भंगारवाल्याने माझा भाव सांगितला. तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. "आत जाऊन कुणाला विचारून येणार आहात का?"

"आत मांजर आहे, ताई. मालक मीच आणि भाव हाच."

"मग द्या."

आता मी तिच्या दुकानात चार पायांवर आडवा आहे. माझ्याआड कुणी लपू शकत नाही. भिंतीवर शिलाईचे दर ठळक अक्षरांत लिहिले आहेत. त्याखाली दुसऱ्या मशीनची जागा मात्र अजून रिकामीच आहे.

मित्रांनो, दारांची निगा जरूर राखा. पण एखादं दार करकरलं, तर तेल आणायच्या आधी ते उघडा आणि आत कोण बसलंय ते बघा.