काडी ओढली नव्हती

थोरल्या भावाने सुतारकामाच्या दुकानाच्या पाटीवरचं ‘आणि बंधू’ एकदाचं पुसून टाकलं. दोघांचं रोज वाजत होतं, त्याचा हा शेवट. दुसऱ्या दिवशी भर दुपारी धाकटा रिकाम्या दुकानात शिरला आणि भुशाच्या ढिगावर त्याने थिनरचा डबा उपडा केला. थोरला जेवून परतला तर हा उंबऱ्यावर बसलेला, हातात काडीपेटी. आरडाओरडा झाला, पोलीस आले आणि दुकान पेटवण्याच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला.

वकीलबाईंनी धाकट्याला सरळ वाट दाखवली. “पॉलिशचं काम करायला गेला होतात, डबा कलंडला. सिगारेट ओढता, म्हणून काडीपेटी. तुमच्या मनात शिरून कुणी बघितलंय?”

“पण बाई, माझ्या मनात तर...”

“ते मला सांगूच नका.”

कोर्टात दुकानासमोरच्या शिंपीणबाई साक्षीला उभ्या राहिल्या. धाकट्यावर त्यांची माया. त्याचं भलं करावं म्हणून त्या न विचारताच बोलून गेल्या, “पोरगा वाईट नाही हो. मांजरीने फळ्यांमागे पिल्लं घातली होती. यानेच ती टोपलीत घालून माझ्या पायरीवर आणून ठेवली. म्हणाला, काकू, जरा सांभाळा. मग परत आत गेला.”

सरकारी वकिलांनी कान टवकारले. “थिनर सांडायच्या आधी?”

“आधीच की. वास नंतर सुटला.”

“डबा कलंडणार हे त्याला आधीच कसं कळलं, बाई?”

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. शिंपीणबाई रडकुंडीला आल्या. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग थोरला आला. वकीलबाईंनी विचारलं, “पोलिसांना तुम्ही सांगितलंत, हा काडी ओढणार होता. कशावरून?”

“भाऊ आहे तो माझा. त्याचा चेहरा मला कळतो.”

“ओढली का?”

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं नाही. “नाही. काडी पेटीतच होती. मी येईपर्यंत तो नुसता बसून होता. रडत होता.”

“त्याला कुणी अडवलं होतं?”

“रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.”

न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट म्हटलं, की हेतू दुकान जाळण्याचाच होता, त्याबद्दल शंका नको. पण ऐन क्षणी माणूस आपण होऊन थांबला, तेव्हा याला जाळण्याचा प्रयत्न म्हणता येत नाही. चोरून शिरणं आणि नुकसान करणं, एवढाच गुन्हा ठरला. त्याची शिक्षा कोठडीतच भोगून झाली होती.

बाहेर जिन्यात धाकट्याने थोरल्याला गाठलं. “दादा, मी खरंच पेटवणार होतो.”

“माहीत आहे.”

“मग वाचवलंस कशाला?”

“वाचवलं कुठे? विचारलं तेवढं सांगितलं.” थोरला दोन पायऱ्या उतरून थांबला. “दुकानात पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन. घरी ये. आई जेवायची थांबलीये.”

धाकटा घरी गेला. पुढे त्याने दुसऱ्याच्या कारखान्यात काम धरलं. भाऊ आता एकमेकांशी बोलतात, पण भागीदारी काही पुन्हा जुळली नाही.